मोहरीएवढी भेग

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला तळं, तळ्याला दगडी भिंत आणि त्या भिंतीखाली सगळी घरं. गावचे रंभाजी पाटील माणूस लाख मोलाचा, पण धीर म्हणून नव्हता. बैल असो, कलिंगड असो की जावई, एका नजरेत पारख करून मोकळे व्हायचे. खरं सांगायचं तर ती पारख बहुतेक वेळा बरोबरच निघायची, त्यामुळे दुसऱ्यांदा पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे.

एका वर्षी पाऊस भरपूर झाला. गौरी-गणपती उरकले तोवर तळं काठोकाठ भरलं होतं, आणि भिंतीला दोन भेगा दिसल्या. एक उत्तरेच्या टोकाला, चांगला हात आत जाईल एवढी. दुसरी मधोमध, केसाएवढी. भिंत फुटली तर खालचं गाव वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पाटलांनी घाईघाईने चुन्याची भट्टी लावली, पण चुनखडी कमी पडली. निघालेला चुना एकाच भेगेला पुरणार होता, आणि दुसऱ्या भट्टीला महिना लागणार होता.

पाटलांनी भिंतीकडे पाहिलं, अर्थात एकदाच. मोठी भेग बुजवायचा हुकूम सुटला आणि माणसं चुना मळायला बसलीसुद्धा.

कामासाठी शेजारगावची धुरपा बेलदारीण बोलावली होती. दगडाच्या कामात तिचे केस पांढरे झाले होते. तिने दोन्ही भेगा बोटांनी चाचपल्या आणि पाटलांकडे चार दिवस मागितले. पाटील उखडले. चार दिवसांत भिंत कोसळली तर गाव कोण बांधून देणार, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं काही चुकीचं नव्हतं. धुरपा म्हणाली, तोवर खालच्या आळीतली माणसं देवळाच्या माळावर नेऊन ठेवा आणि मला मूठभर चुना द्या.

"मूठभर चुन्याने काय होणार आहे?" पाटील म्हणाले.

"पाटील, भिंत आज कशी हाय ते तुम्ही बघितलंत. ती कुठं निघालीया ते मला बघायचंय. त्याला दिवस लागत्यात."

पाटलांना काही पटलं नाही. पण मागे पाटलीणबाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "चुलीवरच्या दुधाकडे एकदा बघून कुणी उठून जातं का?" गेल्याच आठवड्यात त्यांनी पाटलांना दुधापाशी बसवलं होतं. एकदा पाहून पाटील उठले होते, आणि पुढे काय झालं ते साऱ्या आळीला ठाऊक होतं. पाटलांनी मुकाट्याने चार दिवस दिले.

धुरपाने दोन्ही भेगांवर, मोठीवर तिच्या निमुळत्या टोकाशी, चुन्याचा एकेक पातळ पट्टा आडवा ओढला. भेग हलली तर पट्टा तुटणार, एवढी साधी गोष्ट. खालची आळी पोराबाळांसह माळावर गेली. पोरांना वाटलं, यंदा जत्रा लवकर आली.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. पाटील सकाळ-संध्याकाळ 'सहज' फिरायला म्हणून भिंतीकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी केसाएवढ्या भेगेवरच्या पट्ट्याला बारीक चीर गेली. वाळताना चुना तडकतोच, असं पाटलांचं म्हणणं पडलं. धुरपाने उत्तरेच्या टोकाला बोट दाखवलं. तोच चुना, तेच ऊन, आणि मोठ्या भेगेवरचा पट्टा कसा गुळगुळीत होता.

तिसऱ्या दिवशी तिने चिरेत मोहरीचा दाणा घालून पाहिला. दाणा तोंडाशीच अडकला. चौथ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः दाणे घेऊन गेले. मोहरी सुळकन आत गेली. त्यांनी जोंधळ्याचा दाणा लावला, तोही गेला.

धुरपा बोटं मोजत म्हणाली, "काल मोहरी अडली, आज जोंधळा गेला. उद्या हरभरा जाईल. सर्वपित्रीच्या आत ही भिंत ऱ्हात न्हाई, पाटील."

चार दिवसांपूर्वी आपण सगळा चुना उत्तरेच्या टोकाला ओतणार होतो, हे पाटलांना आठवलं. त्यांनी तळ्यातून पाणी सोडायची मोरी उघडायला लावली. रब्बीचं थोडं पाणी गेलं तर जाऊ दे म्हणाले, आणि सगळा गाव मधल्या भेगेशी लावला. वरचे दगड काढले तेव्हा आत पाण्याने भराव खाऊन बैल बसेल एवढी पोकळी केलेली दिसली. तीन दिवस खपून लोकांनी ती दगडचुन्याने भरून काढली. पाटील घमेली वाहत होते.

मोठ्या भेगेत मैनेचं जुनं घरटं होतं. धुरपा हसून म्हणाली, "ही तुमच्या आज्याच्या येळची असंल. चालून चालून कवाच थांबलीया."

माणसं घरी परतली. जाताना धुरपाने बुजवलेल्या भेगेवर नवा पट्टा ओढला, पाटलांच्या हातावर चिमूटभर मोहरी ठेवली आणि रोज बघत जा म्हणून सांगितलं.

तेव्हापासून पाटील बैल घ्यायला गेले तरी एकच बैल दोन बाजारांना जाऊन पाहायचे. आणि भाजीला मोहरीची फोडणी का नाही असं त्यांनी विचारलं, की पाटलीणबाई त्यांच्या बंडीच्या खिशाकडे बोट दाखवायच्या. मोहरी मात्र भिंतीत पुन्हा कधी गेली नाही.

तात्पर्य : एकदा पाहिलं की वस्तू कशी आहे ते कळतं, ती कुठे चालली आहे हे कळायला मध्ये वेळ जाऊ द्यावा आणि पुन्हा पाहावं.