गंधकाच्या पाण्याला भ्यालेलं कडं

माणसांना दागिन्यांचं बोलणं कळायचं, त्या काळची ही गोष्ट. धोंडू सोनाराच्या पाटावर चांदीचं एक नवंकोरं कडं बसलं होतं. समोरच्या वाडग्यातलं गंधकाचं कढत पाणी बघून त्याची पाचावर धारण बसली होती. आत्ताच त्यातून दोन पैंजणं कोळशासारखी होऊन बाहेर आली होती.

“माझ्याकडे बघ,” शेजारची तांब्याची वाकी म्हणाली. “वरून काळा मुलामा चढवला की झालं. ना चटका, ना वास.”

“धोंडूकाका, मलाही मुलामाच द्या हो!” कडं गयावया करू लागलं.

“गप बस,” म्हणत धोंडूकाकांनी त्याला बुडवलं.

कडं काळंठिक्कर पडलं. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात रिठ्याच्या फेसात बुडवलेला कुंचा त्याच्या अंगावरून खसाखसा फिरला. वरची चांदी लखलखली, काळं तेवढं कोरलेल्या रेघांत राहिलं, आणि आपल्या अंगावर मोर आहे हे कड्याला पहिल्यांदाच दिसलं.

“ये गं, तुलाही घासतो,” धोंडूकाका वाकीला म्हणाले.

“नको! मुलामा निघेल माझा!” वाकी मागे सरकली.

कड्याला तिची दया आली. त्याची भीती एका बुडीत संपली होती. तिला आता रोज भ्यायचं होतं.