पंगतीबाहेरचा लाल भात

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर कुणी पूल बांधला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात होडीवाल्याचं घर होतं. घरात म्हातारा गणू तारी, त्याची बायको धोंडाई, मुलगा सुभाना आणि डोंगरावरच्या खेड्यातून आलेली नवी सून आवडी. चार माणसं, एक होडी, गोठ्यात एक म्हैस. एवढाच संसार.

गाव भातशेतीचं. पण गावाला पांढऱ्याचं वेड. साळ उखळात घालून एकदा सडली की तूस निघतं आणि खायला तांदूळ मिळतो. तो असतो लालसर. ह्या गावातल्या बायका तिथं थांबत नसत. दुसऱ्यांदा सडत, तिसऱ्यांदा सडत. खोताच्या घरी तर चौथ्यांदा. दाण्याचं लाल साल, त्याचं कोवळं टोक, सगळं कोंडा होऊन जाई. मागं उरे तो तांदूळ कसा, तर मोगऱ्याच्या कळ्यांसारखा.

वेड आलं होतं रीतीतून. नव्याच्या पुनवेला, म्हणजे नवा भात घरी आला की, सारं गाव देवळापुढं जेवायला बसे. जेवणाआधी प्रत्येक घरानं आपल्या तांदळाची एक मूठ देवळापुढच्या काळ्या कातळावर ठेवायची. खोत येऊन बघायचा. ज्याचा तांदूळ जास्त पांढरा, त्याचं पान पहिल्या पंगतीत. ज्याचा मळकट, त्याचं शेवटी. त्या पहिल्या पंगतीपायी बायकांच्या तळहातांना घट्टे पडले होते.

चढाओढीनं सडी वाढत गेल्या, आणि तीन-चार वर्षांत गावात एक दुखणं शिरलं होतं. आधी पायांना मुंग्या येत. मग पोटऱ्या जड होत. नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडे, तो तसाच राही. मग माणूस बसे, तो बसेच. वैद्य म्हणे, नदीचा गार वारा बाधतोय. भगत म्हणे, देव रुसलाय. बायका म्हणत, मग देवाला आणखी पांढरा तांदूळ दाखवू.

गणू तारी दोन वर्षं ओटीवरच बसून होता. होडी सुभाना चालवायचा. एक दिवस तो घाटावरून आला आणि पायरीवर बसून म्हणाला, "आवडे, आज पायाखाली होडी आहे का नाही, तेच कळत नव्हतं मला."

आवडीनं त्याची नडगी दाबून पाहिली. पंचविशीतला नवरा, तोही सासऱ्याशेजारी ओटीवर बसणार? त्याचे पाय गेले म्हणजे होडी गेली, आणि होडी गेली म्हणजे घर गेलं.

विचार करत करत ती कोंड्याची पाटी घेऊन गोठ्यात गेली. म्हैस काळीभोर, अंग तुकतुकीत, चारही पाय खांबासारखे रोवलेले. आवडी म्हणाली, "अगं, सगळं गाव झिजलं आणि तू एकटीच कशी गं फुगलीस?"

म्हैस पाटीत तोंड घालून म्हणाली, "तुमच्या भातातलं बळ तुम्ही मला आणून देता. उरलेला चोथा तुम्ही चांदीसारखा जपून खाता. मी कशाला नाही म्हणू?"

त्या काळी म्हशी स्पष्ट बोलायच्या.

आवडीला आपलं माहेर आठवलं. तिथं उखळावर एकच सड होई. तिथल्या म्हाताऱ्या डोक्यावर मोळी घेऊन चढ चढत. तिनं पाटी म्हशीपुढून ओढून घेतली नाही, बरं का. तिनं एवढंच ठरवलं, की उद्यापासून हिला एवढा कोंडा मिळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं साळ एकदा सडली, पाखडली आणि मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

धोंडाई धावत आली. "अगं, झालं एवढ्यात? हा तर अजून लाल आहे!"

"लालच राहू दे, आत्याबाई."

"कोंडा खायला घालतेस? आम्ही काय म्हशी आहोत?"

"म्हशी असतो तर सगळे उभे असतो."

ओटीवरून गणू तारी खो खो हसला. धोंडाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की हसू घशातच राहिलं.

"पुनवेला दोन महिने राहिलेत," धोंडाई म्हणाली. "तीस वर्षं मी पहिल्या पंगतीत बसले. आता तुझ्यापायी शेवटी बसू?"

"बसू शेवटी. पण हे आपल्या पायांनी चालत येऊन बसतील. ह्यांना पाटावर घालून पहिल्या पंगतीत न्यायचं असेल, तर मुसळ तुम्ही घ्या. मी घेणार नाही."

धोंडाईनं मुसळ घेतलंही. आपल्यापुरता तांदूळ तिनं तीनदा सडला, वेगळ्या भांड्यात शिजवला आणि भिंतीकडं तोंड करून जेवली.

आवडीनं इकडं लाल भात शिजवला. त्याचं पाणी ओतून दिलं नाही. मुगाची सालं काढली नाहीत, भोपळा सालीसकट चिरला, कुळथाचं पातळ कळण केलं, बांधावरची भाजी आणली.

पहिल्या घासाला सुभाना थांबला. "हे चावायचं किती?"

"तोंडात दात आहेत तोवर."

"जबडा दुखतो गं."

"दुखू दे. जबड्यानं होडी चालवायची नाहीये तुम्हाला."

गणूनं ताट पुढं केलं. "मला वाढ बाई. बसून बसून इतका कंटाळलोय, की तू झाडाची साल वाढलीस तरी खाईन."

पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "काय गं आवडी, आज पेंड केलीस की कडबा?" आवडी घागर उचलून म्हणायची, "या की जेवायला. आधी चालत येता येतंय का बघा."

पंधरा दिवस काहीच झालं नाही. धोंडाई रोज विचारायची, "काय, धावायला लागला का माझा लेक?" विसाव्या दिवशी सुभाना म्हणाला, आज पाण्याचा गारवा तळव्यांना लागला. महिन्यानं मुंग्या गेल्या. दीड महिन्यानं त्यानं भरलेली होडी एकट्यानं पैलतीराला नेली. गणू भिंत धरून उभा राहू लागला. मग एक दिवस धोंडाईनं आपलं ताट भिंतीकडून वळवलं.

पुनव आली. तरी त्या सकाळी धोंडाईचा धीर सुटला. "शेजारणीकडून पांढऱ्याची एक मूठ आणते. कातळावर ती ठेवू. खाताना कोण बघतंय?"

आवडी म्हणाली, "आत्याबाई, जे पोटात घालायला लाज वाटली नाही, ते कातळावर ठेवायला कसली लाज?" आणि ती लाल तांदळाची मूठ घेऊन निघाली. मागून सुभाना गणूला खांद्याचा आधार देत आला.

काळ्या कातळावर पांढऱ्या मुठींच्या मध्ये तिची मूठ विटेच्या चुऱ्यासारखी दिसत होती. खोत येऊन थांबला.

"तारी, गुरांचं खाणं देवापुढं ठेवलंस?"

गणूच्या आधी आवडीच बोलली. "देवानं दाणा असाच दिला होता, खोत. आम्ही त्याला सोललं नाही."

खोताचं तोंड लाल झालं. "ह्यांची पानं शेवटीसुद्धा नकोत. पंगतीबाहेर मांडा. तिकडं, गुरं बांधतात तिथं!"

"मांडा," आवडी म्हणाली. "आमचा भात आम्ही घरून आणलाय."

चौघं जाऊन गुरांपाशी बसली. धोंडाईच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिनंही लाल भातच वाढून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा पहिला घास घेतला.

जेवणं झाली. त्या गावात पहिली पंगत उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, अशी रीत. सगळे पहिल्या पंगतीकडं बघू लागले. खोतानं जमिनीवर हात टेकला, जोर केला आणि परत बसला. शेजारच्यानं गुडघा धरला, तोही बसला. कुणी कुणाचा खांदा धरी, आणि दोघं मिळून कलंडत. हात वाळले, पानांवर माश्या बसल्या, उन्हं डोक्यावरून कलली. गावातले सगळ्यांत मानाचे लोक, आणि एकालाही उठता येईना. त्यांच्यामागं सारं गाव खोळंबलेलं.

मग गुरांपाशी सुभाना उठून उभा राहिला.

"खाली बस!" खोत ओरडला. "कुणाला विचारून उठलास?"

"पायांना विचारलं," सुभाना म्हणाला. "ते हो म्हणाले."

तो सरळ पहिल्या पंगतीत शिरला, खोताच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. पंगतीबाहेरच्या माणसानं सारी पहिली पंगत उठवली.

खोतानं सुभानाच्या खांद्याला धरून तोल सावरला. मग हळूच आवडीला म्हणाला, "किती वेळा सडतेस गं, पोरी?"

"एकदाच."

"आणि पुढच्या पुनवेला?"

"लालच आणणार. बाहेर बसवायचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा, सावलीची जागा बघून ठेवते."

दुसऱ्या दिवशी तीन घरांतली मुसळं एका सडीनंतर थांबली. आठवड्यानं दहा घरांतली. काही घरांनी हट्ट सोडला नाही, ती माणसं ओटीवरच राहिली. खोत आठ दिवस दार लावून लाल भात खात होता. नवव्या दिवशी त्यानं दार उघडं टाकून खाल्ला.

शिमग्याच्या सुमाराला गणू तारी काठी घेऊन घाटापर्यंत चालत गेला. गावानं होडीचा हक्क त्याच घराकडं पिढ्यान्‌पिढ्या राहील असं ठरवलं आणि दुसरी होडीही बांधून दिली. वर्षाच्या आत आवडीला मुलगी झाली. धोंडाई तिला मांडीवर घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लाथ मारते बघा, एवढीशी आहे पण काय जोर आहे पायात!"

तात्पर्य: अन्न दिसायला सुंदर करण्यासाठी त्यातलं बळ काढून टाकू नये, जसं मातीतून आलं तसं, सालीसकट, ताठ मानेनं खावं.