डोहाकडं पाठ

"पण पाण्याकडं पाठ करून बसायचं कशाला?"

प्रफुल्लनं पुन्हा विचारलं. रंभाजी अण्णा शेंगा फोडत राहिले.

हा प्रफुल्ल म्हणजे विद्यापीठाचा पोहण्यातला सुवर्णपदकवाला. छाती अशी काढून चालायचा, की वाटावं नदी ह्याच्याच बापानं खणली.

अण्णाही एके काळी कॉलेजचे खेळाडू. कबड्डी, खो-खो, धावणं, पोहणं, काही म्हणून सोडलं नाही. कॉलेज सुटलं त्याच उन्हाळ्यात गावातलं एक लहानगं पोर ह्या डोहात गेलं. सापडलंच नाही. खेळाडू म्हणून मिळालेली सरकारी नोकरी सोडून अण्णा घाटाच्या पायरीला चिकटले ते चिकटलेच. बुडणाऱ्याला काढायचं, एवढंच काम. लोक येडा म्हणाले. म्हणेनात का! त्याच लोकांची लेकरं त्यांनी वर काढली.

आता गुडघे गेले. जागेला माणूस हवा होता, आणि प्रफुल्ल आपणहून आला होता.

"तोंड पाण्याकडं ठेवलं तर बुडणारा दिसेल तरी," तो म्हणाला.

"बुडणारा हाका मारत नाही, बाबा. गुपचूप जातो. बघत बसणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं."

"मग कळणार कसं?"

"खो-खो खेळलास कधी?"

"नाही. मी एकाच खेळावर लक्ष दिलं."

"तरीच... रांगेत बसलेल्यानं मागं बघायचं नसतं. पाठीवर थाप पडली, खो मिळाला, की उठायचं."

"इथं खो कोण देणार? मासे?"

अण्णा हसले नाहीत. त्याला शेवटच्या पायरीवर बसवलं. स्वतः त्याच्या पुढं, दोन पायऱ्या वर, पाठमोरे बसले.

भर दुपार झाली. धुणंवाल्या बाया घरी गेल्या. कावळासुद्धा गप्प...

प्रफुल्लच्या पाठीवर थाप पडली. ओली. गार.

"चेष्टा पुरे, अण्णा!"

बोलला, आणि मग ध्यानात आलं. अण्णा तर पुढं बसलेत. दोन्ही हातांत शेंगा.

त्यानं मान वळवली. मागं नुसतं पाणी. तरंगसुद्धा नाही.

"ऊठ, मुडद्या!" अण्णा न वळता ओरडले.

त्यानं उडी घेतली. पार खाली, गाळाजवळ, हाताला लुगड्याचा पदर लागला.

वर आणली तेव्हा बाई निळी पडली होती. अण्णांनी छाती दाबली, दाबतच राहिले. बाईनं पाणी ओकलं आणि ती रडली. विसरलेली बादली न्यायला खडकापलीकडून आली होती, पाय घसरला.

माणसं जमली, तिला घरी घेऊन गेली.

प्रफुल्ल मात्र तिथंच उभा. उन्हात दात वाजत होते.

"अण्णा, ती थाप तिची नव्हती."

अण्णांनी सांडलेल्या शेंगा पुन्हा वेचायला घेतल्या.

"तिचा हात राबलेला, थोराड. हा बारका होता. एवढासा... लहान पोराचा."

अण्णांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वळवून डोहाकडं पाहिलं.

"अजून तेवढाच आहे?"