बिजल्याची पहिली उडी

बैल आपसांत सुखदुःखाचं बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट.

बिजल्या नावाचा तरणा खोंड पहिल्यांदाच शर्यतीच्या गाडीला जुंपला होता. जोडीला वयाने मोठा रतन्या होता. इशारा होताच बिजल्याने सगळा जोर एकदम लावून उडी घेतली. त्याचे मागचे खूर भुसभुशीत मातीत घसरले, तो गुडघ्यांवर आपटला आणि जुवाच्या हिसक्याने रतन्याची मान दुखावली. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या.

"मातीच वाईट होती," गोठ्यात आल्यावर बिजल्या फुरफुरला.

"माती सगळ्यांना तीच होती," सुजलेली मान सावरत रतन्या म्हणाला. "आधी मागचे खूर रुतू देत, गाडी हलू दे, मग हवा तेवढा पळ. आणखी एक असा हिसका बसला, तर माझं पळणं कायमचं संपेल."

बिजल्याला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून शेतावर जातानाही तो गाडी दमाने उचलू लागला.

पुढच्या शर्यतीत शेजारच्या जोडीने इशाऱ्यासरशी सगळा जोर लावून उडी घेतली. बिजल्यालाही तशीच उडी घ्यावीशी वाटली, तरी त्याने आधी खूर रोवले आणि गाडी हलल्यावरच अंग मोकळं सोडलं. शेजारचे बैल जागीच माती उडवत राहिले. हे दोघे त्यांना मागे टाकून सुसाट निघाले.

"काका, आपण पहिले आलो का?" बिजल्याने धापा टाकत विचारलं.

"दुसरे," रतन्या म्हणाला. "पण आज गाडी आपण दोघांनी मिळून ओढली."