बेवारशी पेला

“पण आबा, घडवला कुणी?”

श्रीरंगने पुन्हा तेच विचारलं. पुढ्यात निळसर काचेचा पेला होता. शेकडो वर्षांपूर्वीचा, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. इथवर त्याचं त्यालाच उमगलं होतं. घोडं अडलं होतं ते नावाशी.

जुनी काच पाहून कारागीर ओळखण्यात श्रीरंगचा मोठा दबदबा, आणि ही गोष्ट चारचौघांना सांगायला तो चुकत नसे. विद्या मात्र आबांची. उमेदीत काचेची भट्टी चालवलेले हे त्याचे गुरू आता गावाबाहेर एकटेच राहत.

आबांनी काठावरून बोट फिरवलं. हलकेच टिचकी मारून ऐकलं.

“मुरानोचाच. हात कसबी आहे.”

“कुणाचा हात?”

“तेव्हा कुठं नावं घालायचे रे! ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ... सोड की.”

“सोडवत नाही!” श्रीरंग तडकला. “घरात कपाटं भरून काच आहे. एकेकीचं नावगाव मला पाठ. हा एवढाच बेवारशी. घरात नको वाटतो मला. नाव लागलं नाही, तर उद्या विकून मोकळा होईन.”



श्रीरंग अनाथालयात वाढलेला. आडनावसुद्धा तिथल्या व्यवस्थापकांनी दिलेलं. आबांना ते ठाऊक होतं, पण दोघांनी तो विषय कधी काढला नव्हता. हा वेडा जगभरच्या काचेचे बाप शोधत हिंडतो, आणि घरी परतला की दार उघडायला कुणी नसतं. आबांच्या मनात आलं.

त्यांनी पेला उलटा केला. श्रीरंगचा अंगठा धरून बुडाच्या मधोमध टेकवला. तिथं काच खरखरीत होती.

“हे काय?”

“पहिल्या दिवशीचा धडा, आबा,” श्रीरंग हसला. “पेला पुरा झाला की सळईपासून तोडतात. त्याची खूण.”

“सळई लावतात कशाला?”

“तोंड घडवायचं असतं. काच तापून मऊ पडलेली असते. बुडाला सळई चिकटवून कुणीतरी ती फिरवत राहतं, तोंड पुरं होईतो. नाहीतर सगळा लोळागोळा...”

“कोण फिरवतं?”

“असतं कुणीतरी.”

“नाव?”

“...नाही ठाऊक.”

श्रीरंगने अंगठा काढून घेऊ पाहिला. आबांनी काढू दिला नाही.

“पण आबा... शेवटी तोडलंच ना?”

“ज्याला कुणी धरलंच नाही, पोरा, त्याला हा व्रण पडत नाही.”