एकवीस हिरव्या साड्या

नदीकाठच्या एका पेठेच्या गावात नरहरशेठ नावाचे साड्यांचे व्यापारी राहत होते. शेतकरी आभाळाकडे बघून पेरतो, तसे नरहरशेठ पंचांगाकडे बघून माल भरत. दिवाळीचे फटाके वाजत असतानाच संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळांची मागणी विणकरांकडे गेलेली असे. गौरींसाठी लागणाऱ्या काठापदराच्या साड्या आषाढातच येऊन पडत. तुळशीचे लग्न लागायच्या आधी शालू आणि पैठण्या कपाटात बसत, आणि आहेरात द्यायच्या साड्यांचे गठ्ठे माळ्यावर चढत. यंदा लग्नाच्या तिथी किती आहेत, हे मुलींच्या बापांआधी नरहरशेठ गुरुजींना विचारून येत. अधिक महिना आला, की सगळा हिशोब महिनाभर पुढे सरकवत. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

बायका थट्टेने म्हणत, "शेठ, आमच्या पोरीला स्थळ यायच्या आधी तिचा शालू तुमच्याकडे येऊन बसलेला असतो."

"मग उशीर तुमच्याकडूनच होतोय, वहिनी," असे म्हणून शेठ हसत.

त्यांच्या आधी दुकानात त्यांचे वडील बसत. त्यांना सगळे तात्या म्हणत. सणांचा हिशोब तात्यांनाही येत होता, पण त्यांची एक वेगळी रीत होती. कोपऱ्यातली एक फळी ते कुठल्याच सणाला देत नसत. तिच्यावर बारा महिने तीन-चार साध्या हिरव्या साड्या असत. नवऱ्याच्या आधी बाई गेली, म्हणजे अहेवपणी गेली, की तिला नवी हिरवी साडी नेसवतात, तिची ओटी भरतात आणि मग निरोप देतात. ती फळी अशा साडीसाठी होती. अशा साडीसाठी आलेला माणूस सुतकात असतो. तो दुकानात चढत नाही, पायरीवरच उभा राहतो. तात्या त्याला बघूनच उठत. काही न विचारता साडीची घडी मोडत आणि त्याच्या हातावर ठेवत. जाताना त्याला 'पुन्हा या' म्हणत नसत.

तात्या गेले आणि दुकान नरहरशेठांच्या हाती आले. पुढे गावात नवरात्रात रोज एका रंगाची साडी नेसायची टूम निघाली. नरहरशेठांनी ती सगळ्यांच्या आधी ओळखली. नऊ रंगांना नऊ फळ्या हव्या होत्या आणि दुकानात आठच मोकळ्या होत्या. शेठांनी कोपऱ्यातली फळी रिकामी केली.

ते पितृपंधरवड्याचे दिवस होते. त्या दिवसांत कोणी नवे कापड घेत नाही. पेठ सुनी असते. शेठ मात्र त्या पंधरा दिवसांत नवरात्राच्या साड्यांना फॉल लावून घेत. ते काम तात्यांच्या वेळेपासून हौसाबाई करायची. ती नदीपलीकडच्या वस्तीत राहायची. साड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन पुलावरून यायची आणि जायची. तिचा टाका इतका बारीक असे, की साडी उलटी धरली तरी दिसत नसे.

त्या दिवशी गाठोडे बांधता बांधता तिचे लक्ष कोपऱ्याकडे गेले.

"शेठ, तात्यांची फळी कुठं गेली?"

"तिला सीझन नाही, हौसाबाई. ज्याला सीझन नाही तो माल अडकवून ठेवायचा कशाला?"

"म्हणजे आता मरणारीनं पंचांग बघून मरायचं म्हणा की."

नरहरशेठ मोठ्याने हसले. हौसाबाईही हसली. मग तिला जरा खोकला आला आणि ती खांबाला धरून उभी राहिली.

त्या वर्षी शेठांकडे एक मोठी मागणी होती. गावातल्या महिला मंडळाच्या बायकांना हिरव्या रंगाच्या दिवशी एकसारख्या साड्या नेसून देवीच्या देवळात जायचे होते. एकवीस बायका, एकवीस साड्या, एकच रंग आणि एकच काठ. मंडळाच्या अध्यक्षा इंदुमतीबाई वकिलांच्या पत्नी होत्या, त्यामुळे सगळे त्यांना वकीलीणबाई म्हणत. एवढी मागणी नीट पार पडली, तर पुढची लग्नसराई आपलीच, हे शेठांनी मनात धरले होते. त्या एकवीस साड्या त्यांनी फॉल लावायला हौसाबाईकडे दिल्या.

घटस्थापना झाली. हौसाबाईने एकोणीस साड्या आणून दिल्या. तिचे डोळे लाल झाले होते.

"दोन राहिल्यात, शेठ. चार दिवस अंग कणकणतंय. बोटाला सुई धरवत नाही."

"देवीचा रंग काही थांबायचा नाही, हौसाबाई. हिरव्याच्या आदल्या दिवशी दोन्ही इथं पाहिजेत."

"देते," ती म्हणाली आणि गेली. तिला घोटभर चहा तरी द्यावा, हे शेठांना ती पुलापर्यंत पोचल्यावर आठवले. तोवर दुकानात दुसरे गिऱ्हाईक आले होते.

हिरव्या रंगाच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातली हिरवी साडी संपत आली होती. दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या त्या नवव्या, हिरव्या रंगाच्या फळीवर एकही उरली नाही. फक्त मंडळाच्या एकोणीस साड्या त्यांच्या पाठीमागे, गादीवर रचून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला. वय झालेला, उन्हाने रापलेला. त्याच्या पायात वहाण नव्हती. तो आत आला नाही. दुकानातल्या बायका बाजूला सरल्या, तरी तो आत आला नाही.

"शेठ, हिरवी साडी पाहिजे," तो म्हणाला. "साधी चालंल."

नरहरशेठांनी त्याच्याकडे पाहिले. तो पायरीवर का उभा आहे, हे त्यांना कळले. शेवटी ते तात्यांचेच चिरंजीव, त्यांना कळणारच. पण त्यांना दुसरेही कळत होते. एकवीसमधली एक कमी झाली, तर वीस बायका नेसणार आणि एक रुसणार. मग मंडळ रुसणार. असा काठ आता कुठल्याच विणकराकडे नव्हता.

"हिरवी संपली," शेठ म्हणाले.

त्या माणसाची नजर शेठांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे एकोणीस हिरव्या साड्या होत्या.

"त्या ठरलेल्या आहेत," शेठ घाईने म्हणाले. "पोपटी चालेल का? नाहीतर असं करा, उद्या या. उद्या नवा माल येतोय."

"उद्या नाही चालायची, शेठ."

एवढेच बोलून तो क्षणभर थांबला. शेठ आणखी काही म्हणतील, असे त्याला वाटले असावे. शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवू लागले. त्यांनी पुन्हा पायरीकडे पाहिले तेव्हा तिथे कोणी नव्हते.

ऊन उतरले, तरी हौसाबाई दोन साड्या घेऊन आली नाही. दिवेलागणीला वकीलीणबाई येणार होत्या. शेठ चिडले. आजवर या बाईने कधी उशीर केला नव्हता, तो नेमका आज केला. त्यांनी स्कूटर काढली आणि ते स्वतःच नदीपलीकडे निघाले. पुलावर त्यांना घाटाकडून परतणारी माणसे दिसली. सगळ्यांचे केस ओले होते. शेठांनी स्कूटर बाजूने काढून पुढे घेतली.

वस्तीत हौसाबाईचे घर विचारले, तेव्हा एका बाईने बोट दाखवले. अंगणात सारवल्याच्या खुणा होत्या. तुळशीपाशी एक पणती जळत होती. ओट्यावर एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याने मान वर केली. दुपारी पायरीवर उभा असलेला तो हाच होता. हा हौसाबाईचा नवरा होता.

नरहरशेठ अंगणातच थांबले. तोच म्हणाला, "हौसाच्या साड्यांसाठी आलात ना? शेजारी आहेत. गोदाताई, ते गाठोडं द्या शेठला."

शेजारीण गाठोडे घेऊन आली. ती डोळे पुसत सांगू लागली. "काल संध्याकाळीच तिनं माझ्याकडं आणून ठेवायला लावलं. म्हणाली, माझं काही खरं नाही. सुतकाच्या घरातलं वस्त्र देवीपुढं नेसत नाहीत, शेठचा माल बाटंल. दुसऱ्या साडीचा फॉल अर्धाच झालाय. सुई तशीच आहे तिच्यात, बघून उलगडा. टोचंल."

शेठ गाठोडे पुढ्यात घेऊन ओट्याखाली जमिनीवर बसले. त्यांनी विचारले, "तुम्ही नाव का नाही सांगितलंत? हौसाबाईसाठी पाहिजे, एवढं म्हणाला असतात तरी..."

"ती म्हणायची, शेठच्या दुकानात पायरीवर उभं राहिलं की पुरे, सांगावं लागत नाही."

शेठांनी गाठोड्यावरचा हात काढून घेतला.

"पण या दोन होत्या ना शेजारी. यातलीच एक नेसवायची. मी काय म्हणणार होतो?"

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर शेठांना बरे वाटले असते.

"त्या कशा नेसवायच्या, शेठ? तुम्हीच सांगितलंत ना, ठरलेल्या आहेत. आणि तिनं लोकांच्या साडीचा पदर कधी अंगाला लावून नाही बघितला. जाताना लावला असता, तर तिला आवडलं नसतं."

"मग कशात नेलीत?"

"होतं एक लुगडं तिचं. भाचीच्या लग्नातलं. रंग गेला होता त्याचा, पण धुतलेलं होतं."

 नरहरशेठ गाठोडे घेऊन उठले. स्कूटर हाताने ढकलत ते पुलावरून चालत परत आले.

दुकानात वकीलीणबाई वाट पाहत होत्या. "अहो शेठ, तुम्हाला उशीर? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," असे त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पाहून जागेवरून उठल्या. शेठांनी गाठोडे गादीवर ठेवले आणि सगळे सांगितले. पायरीवरच्या माणसाचे सांगितले, मागे रचलेल्या एकोणीस साड्यांचे सांगितले. त्यांनी काहीही लपवले नाही.

वकीलीणबाईंनी ती अर्धी शिवलेली साडी हळूच उलगडली. कडेला बारीक टाक्यांची ओळ निम्म्यापर्यंत येऊन थांबली होती. तिथे सुई होती. त्यांनी टाक्यांवरून हलकेच बोट फिरवले.

"माझ्या लग्नातल्या शालूला हिनंच फॉल लावला होता," त्या म्हणाल्या. "शेठ, तुम्ही मला एक निरोप पाठवायचा होता. मी माझी साडी दिली असती. मीच काय, एकवीसजणींतल्या कोणीही दिली असती. आम्ही देवीपुढं मिरवायला निघालो होतो. एका सवाष्णीला हिरव्या साडीवाचून पाठवून मिरवायचं, असं आमच्यातल्या कोणी म्हणालं होतं का तुम्हाला?"

नरहरशेठ म्हणाले, "नाही."

"मग ते तुम्ही कुठून आणलंत?"

 वर्षानुवर्षे शेठ बायकांच्या मनाचा अंदाज बांधत आले होते. कोणाला कोणता काठ आवडेल, कोणाच्या घरी कधी लग्न निघेल, सगळे त्यांना आधी कळत होते. यातल्या एकीलाही दया येईल, हे मात्र त्यांच्या अंदाजात कधी आले नव्हते.

वकीलीणबाईंनी वीस साड्या मोजून घेतल्या. एकविसावी, सुईसकट, पुन्हा घडी करून गादीवर ठेवली. "मी घरातली कुठली तरी नेसेन," असे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका देवळात गेल्या. त्यांच्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. ओळीत सगळ्यात पुढे वकीलीणबाई जुन्या, विटक्या हिरव्या साडीत चालल्या होत्या. नरहरशेठांनी दुकानातून ते पाहिले, आणि भर नवरात्रात, गिऱ्हाईक दारात असताना, त्यांनी दुकानाचे दार ओढून घेतले.

तात्पर्य: सणाची तयारी महिने महिने आधी करता येते, पण दुःख तिथी ठरवून दारात येत नाही, म्हणून आलेल्याला 'उद्या या' म्हणण्याआधी थांबून पाहावे, कारण काही माणसांना उद्या नसतो, आणि ती वेळ चुकली की मग साऱ्या दुकानाचा माल दिला तरी ती भरून येत नाही.