राजाचाही एक वाटा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सांगणारे गेले, ऐकणारे गेले, गोष्ट तेवढी राहिली. लहानांनो, कान द्या. आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा पुढे सरकून बसा.

एका रुंद नदीच्या काठी एक नगर होतं आणि नगराच्या वेशीजवळ होती एक रंगशाळा. दगडी जोतं, सागवानी खांब, वर गवताचं उंच छप्पर. तिथे नावाजलेले गवई गात, तसेच दिवसभर राबून आलेले कुंभार आणि कोष्टीही ढोल वाजवत, सोंगं आणत. सकाळी मुलं नाच शिकत. दिव्यांचं तेल, कलावंतांचा शिधा, दरवर्षी छप्पर शाकारायला माणसं, सगळं राजवाड्यातून येई.

ही रंगशाळा चंद्राक्का सांभाळत असे. कोणी कधी गायचं, कोणी नाचायचं, हे तीच ठरवी. वीस वर्षांत तिने एकही सण सुना जाऊ दिला नव्हता.

एका वर्षी नदीला महापूर आला आणि मोठा पूल वाहून गेला. काही दिवसांनी प्रधान रंगशाळेत आले.

"अक्का, पूल नव्याने बांधायचा आहे. खजिन्यावर ताण आहे. यापुढे तुम्हाला मिळेल ते चौथ्या हिश्शाने. शाकारणीची माणसंही येणार नाहीत."

"पूल तर हवाच, प्रधानजी," चंद्राक्का म्हणाली. "पण एवढ्याशात ही जागा चालायची कशी?"

"ते तुम्ही बघा. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत चालली तर ठीक. नाही तर इथे घोड्यांची पागा होईल."

चंद्राक्काला त्या दिवशी घास गोड लागला नाही. पण ती हातपाय गाळणारी नव्हती. तिने काटकसर सुरू केली. मुलांचा नाच बंद केला. कुंभारांचे ढोल बंद केले, कोष्ट्यांची सोंगं बंद केली. जे थोडं तेल होतं, जो थोडा शिधा होता, तो तिने थोर गवयांसाठी राखून ठेवला. तिला वाटलं, उत्तम तेवढं वाचवलं की झालं.

एका संध्याकाळी दूरदेशीचे मोठे गवई आले. दिवे लागले, तंबोरे जुळले. समोर मोजून अकरा माणसं! बुवांनी एकच चीज गायली आणि तंबोरा खाली ठेवला.

"अक्का, खांबांना गाणं ऐकवायला मला एवढ्या लांबून बोलावलंत?"

चंद्राक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यातच वैशाखात वावटळ उठली आणि छपराचं निम्मं गवत उडवून घेऊन गेली. रंगशाळेत ऊन पडलं. चंद्राक्का घरोघर मदत मागायला निघाली आणि पहिल्यांदा गेली सारजा कुंभारणीकडे. सारजा तिच्याहून वयाने मोठी, तोंडाने फटकळ. चाकावरचा हात न थांबवता ती म्हणाली,

"माझ्या पोरांचे ढोल तू बंद केलेस. माझ्या नातीचा नाच बंद केलास. आता छप्पर उडालं तशी तुला आमची आठवण झाली होय गं?"

सारजा बोलली ते खरं होतं. आपण तेल वाचवलं आणि माणसं घालवली, हे तिला आता लख्ख दिसलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता काय करू, सांग."

"मला एकटीला काय विचारतेस? सगळ्यांना विचार की!"

दुसऱ्या दिवशी चंद्राक्काने सगळ्या नगराला रंगशाळेच्या अंगणात बोलावलं. काही लपवलं नाही. किती येतं, किती पुरतं, दसऱ्याला काय होणार, सगळं सांगितलं. मग बाळोबा तेली उठला.

"तेल मी देईन अक्का. पण इथे काय व्हायचं, ते ठरवणार कोण?"

प्रश्न तिच्या वर्मी लागला. वीस वर्षं तो मान तिचा होता. पण ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

"आजवर मी ठरवत होते. आजपासून आपण ठरवू."

त्यासरशी अंगणाचा नूरच पालटला! कोणी बांबू आणले, कोणी गवताचे भारे. ज्यांना शाकारणी येत होती त्यांनी न येणाऱ्यांना शिकवली. तेल पुरावं म्हणून खेळ दुपार कलल्यावर, उजेडातच करायचे ठरले. मुलांचे पाय पुन्हा थिरकले. ढोल घुमले. थोर गवईही पुन्हा आले. आता त्यांच्यापुढे दाटीवाटीने माणसं बसत.

नावाड्यांनी मात्र वेगळंच मागितलं. "आम्हाला पुराचं नाटक करायचंय," त्यांचा म्होरक्या सिद्राम म्हणाला. "त्या दिवशी आम्ही माणसं कशी काढली, ते आमचं आम्हालाच ठाऊक."

चंद्राक्काला एरवी हे पटलं नसतं. नावाड्यांनी कधी तोंडाला रंग लावला नव्हता. पण ठरवायचं सगळ्यांनी होतं, आणि सगळे हो म्हणाले.

दसऱ्याला प्रधान आले. बरोबर घोडे सांभाळणारे मोतद्दार होते, पागेसाठी जागा मोजायला. पण मोजणार कुठे? आत पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या तीरावरची गावंही होड्या भरभरून आली होती. प्रधान दारात उभे राहिले, तशी मागून एक परटीण ओरडली,

"अहो फेटेवाले, खाली बसा! आम्हाला दिसत नाही."

प्रधान मुकाट्याने जमिनीवर बसले. समोर पूर चढत होता. निळ्या लुगड्यांची नदी खळाळत होती आणि सिद्राम दाखवत होता की काळ्या खडकाला आपटून धार कशी वळली आणि पुलाच्या मधल्या खांबाखालून माती कशी उपसून गेली. ते पाहता पाहता प्रधान ताडकन उठले.

"थांबा! धार खरंच तिथून वळली?"

"वळली म्हणजे? माझी नाव घेऊन वळली!" सिद्राम म्हणाला.

प्रधानांचा चेहरा उतरला. नवा खांब त्याच जागी उभा राहत होता. नावाड्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते काम थांबलं आणि नावाड्यांना विचारून पुलाची जागा बदलली.

मग राजा स्वतः रंगशाळेत आला. भरल्या सभेत म्हणाला, "अक्का, आम्ही चुकलो. तुमचं सगळं देणं पूर्वीसारखं सुरू करतो. आता या लोकांनी कशाला झिजावं?"

चंद्राक्काने हात जोडले. "महाराज, आपण अवश्य द्या. नगर आपलं आहे, देणं आपलं कामच आहे. पण बाळोबा तेल देतो, सारजा पणत्या देते, तसाच आपलाही एक वाटा. वाटा द्या, आणि आमच्यात बसा."

राजाने सिंहासनासारखी मांडलेली बैठक बाजूला सारली आणि तो लोकांत जाऊन मांडी घालून बसला. असा जल्लोष झाला की ढोल बडवणाऱ्यांना आपलेच ढोल ऐकू येईनात!

पुढे राजे बदलले, खजिना कधी भरला, कधी आटला. रंगशाळा मात्र एक दिवसही बंद पडली नाही.

तात्पर्य : जे सगळ्यांसाठी आहे, ते चालवण्यात सगळ्यांचा हात आणि सगळ्यांचा शब्द असला, तरच ते टिकतं.